विजोड कार्डांची कुळकथा

माझ्या कॅबिनेटमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. वर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, खाली त्याच्या आधीचं ६ जीबीचं जीटीएक्स १०६०. एक २०२१ सालचं, दुसरं २०१६चं. रात्री ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन रेंडरला लावलं की दोघांचे पंखे वेगवेगळ्या सुरात फिरू लागतात. ही विजोड जोडी एकाच चित्रावर राबते, याचं मला अजून अप्रूप वाटतं, कारण तिच्यामागचा रस्ता मोठा वळणाचा आहे.

गंमत म्हणजे घरोघरी पहिल्यांदा दोन कार्डं आली ती विजोडच. १९९६ साली आलेलं थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड फक्त त्रिमिती चित्रं काढायचं. विंडोजचा साधा पडदा दाखवायला दुसरं कार्ड लागायचंच. त्या कार्डातून निघालेली आखूड केबल व्हूडूच्या पाठीत खोचायची आणि मॉनिटरची वायर व्हूडूला लावायची. गेम सुरू झाला की कित्येक कार्डांतला रिले ‘टक्’ असा वाजायचा आणि पडदा व्हूडूच्या ताब्यात जायचा. कामं वाटलेली होती, पण पडद्यावर एका वेळी एकाचंच चित्र.

दोघांनी मिळून एकच चित्र काढायचं, ही रीत घरोघरी आणली ती १९९८च्या व्हूडू-२ने. नाव स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, म्हणजेच एसएलआय. विषम ओळी एका कार्डाने रंगवायच्या, सम ओळी दुसऱ्याने. एकट्या कार्डाची धाव ८०० बाय ६०० पर्यंत, जोडीची १०२४ बाय ७६८ पर्यंत. पुढे थ्रीडीएफएक्स बुडाली आणि तिचं तंत्र एनव्हिडियाकडे गेलं. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय हीच अक्षरं पुन्हा बाजारात आणली, पण फोड बदलून: स्केलेबल लिंक इंटरफेस. पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं.

हे सगळं चाललं होतं गेमसाठी, आणि अडचण तिथेच होती. गेममध्ये चित्रं क्रमाने आणि ठरल्या वेळी पडद्यावर यावी लागतात. बहुधा एक फ्रेम या कार्डाची, पुढची त्या कार्डाची. एका जुवाला एक तेज आणि एक मंद बैल जुंपला तर जे होतं तेच इथे व्हायचं: वेगवान कार्ड खोळंबायचं आणि चित्र अडखळायचं. म्हणून एनव्हिडियाने सारख्याच चिपची कार्डं हवीत असा दंडक घातला. २०१० मध्ये ल्युसिड या इस्रायली कंपनीच्या हायड्रा चिपने एनव्हिडिया आणि एटीआय एकत्र जुंपून पाहिले. तो प्रयोग टिकला नाही.

वाट सापडली ती रेंडरवाल्यांना. २००७ मध्ये एनव्हिडियाचं कुडा हे तंत्र आलं आणि ग्राफिक्स कार्डाकडून हवं ते गणित करून घेता येऊ लागलं. डिसेंबर २०११ मध्ये ब्लेंडर २.६१ बरोबर सायकल्स हा रेंडरर आला. पुढच्या आवृत्त्यांत तो फ्रेमचे चौकोनी तुकडे पाडू लागला. ज्या कार्डाचा तुकडा संपला त्याने पुढचा उचलायचा. गावाकडच्या इर्जिकीत असंच होतं: शेत एकाचं, पण प्रत्येक जोडी आपापल्या औताला आणि आपल्या चालीने. कार्डांना जोडणारा ब्रिजही लागत नाही. २०२१च्या ब्लेंडर ३.० पासून तर सायकल्स प्रत्येक कार्डाचा वेग मोजून त्याचा वाटा स्वतःच कमीजास्त करतो. माझ्या मते खरा शोध हाच. कार्डं सारखी करण्यापेक्षा कामाची वाटणी बदलली.

मेमरीच्या बाबतीत मात्र फसू नका. एनव्हीलिंकसारखा दुवा नसेल तर १२ आणि ६ मिळून १८ जीबी होत नाहीत. सगळा सीन प्रत्येक कार्डात स्वतंत्रपणे उतरवावा लागतो, त्यामुळे मर्यादा लहान कार्डाची. शेवटी फ्रेम्स जोडून व्हिडिओ एन्कोड करतानाही दुसऱ्या कार्डाची फारशी मदत होत नाही. तिथे बरीच चित्रं आधीच्या चित्रातला फरक तेवढा नोंदवत जातात, म्हणून ते काम बहुतेक वेळा एकाच चिपवर चालतं.

घरी जुनं कार्ड पडून असेल तर मातीमोल भावात विकू नका. आधी पॉवर सप्लायला दोघांचा भार झेपतो का ते पाहा. मग ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टमच्या पानावर, दोन्ही नावांपुढे खूण करा. एकच फ्रेम आधी एकट्या नव्या कार्डावर आणि मग दोघांवर रेंडर करा, घड्याळ लावून.