मॅग्नोलियाच्या वाटेवरचे फाटक

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे शहर आहे. गेल्या शतकाआधी तेथे बर्कमन्स या बेल्जियन घराण्याची फळाफुलांची मोठी रोपवाटिका होती. पुढे ती बंद पडली. १९३१ साली बॉबी जोन्स व त्याचा मित्र क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती जागा गोल्फ क्लबासाठी घेतली. जोन्स पेशाने वकील, गोल्फ खेळे तो हौसेखातर. पण १९३० च्या एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला होता!

क्लबाच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर मॅग्नोलियाची जुनी झाडे राहिली. मैदानातील अठराही टप्प्यांना झाडाफुलांची नावे मिळाली. १९३४ पासून येथे स्पर्धा भरू लागली; तीच पुढची मास्टर्स. महायुद्धात ती तीन वर्षे थांबली, तेव्हा त्या मखमली गवतावर गुरे चरली आणि टर्की पाळल्या गेल्या. त्यांना मात्र सभासदत्व लागले नाही.

माणसांचे तसे नव्हते. सभासद व्हायचे तर क्लबानेच बोलावले पाहिजे, आणि बोलावणे जाई ते गोऱ्या पुरुषांनाच. काळा माणूस आत असे तो कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. त्या मैदानाचा चढउतार त्या कॅडींइतका कोणाला ठाऊक असणार? तरी या स्पर्धेत पहिला काळा खेळाडू उतरायला १९७५ साल उजाडले. त्याचे नाव ली एल्डर. लहानपणी तोही पिशव्याच वाहत असे. धमक्या येत होत्या, म्हणून त्या आठवड्यात त्याने दोन घरे भाड्याने घेतली होती.

१९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणण्याची मुभा मिळाली. क्लबाच्या बहुतेक काळ्या कॅडींचे ते काम गेले. पहिला काळा सभासद आला तो १९९० साली. त्याच वर्षी अलाबामातील एका क्लबाच्या वर्णभेदावरून गहजब झाला होता आणि बड्या कंपन्यांनी तेथील स्पर्धेच्या जाहिराती काढून घेतल्या होत्या. सदसद्विवेकाला जाग यायला कधीकधी थैलीची खुळखुळ थांबावी लागते. बायकांना तर २०१२ पर्यंत थांबावे लागले.

२०२१ च्या एप्रिलात स्पर्धेच्या आरंभाचा मान एल्डरला दिला गेला. तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. नाकाला प्राणवायूची नळी होती. चेंडू मारण्याचे त्राण नव्हते, म्हणून त्याने खुर्चीजवळ उभे राहून हातातली काठी तेवढी उंचावली.