भाताची मूद आणि कोबेची ओनिगिरी

आपल्या बडोदेकर मंडळींना पंगतीतली भाताची मूद सांगायला नको. जपानी ओनिगिरी म्हणजे तीच, फक्त हाताने वळलेली, असं मी समजत होते. 1994 ला ह्यांच्या नोकरीपायी कोबेला जाईपर्यंत.

शेजारच्या आजींनी शिकवलं. तांदूळ आखूड नि चिकट हवा, बासमती कामाचा नाही. भात गरम असतानाच ओल्या हाताला मीठ चोळायचं, मधे आंबट उमेबोशी, आणि हलक्या हाताने तीन-चारदा फिरवून त्रिकोण. जोर लावला की लगदा झालाच! मीठ आणि उमेबोशी नुसत्या चवीला नाहीत, भात टिकावा म्हणून. पदार्थ फार जुना. इशिकावा प्रांतात 1987 साली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला. वरून नोरी गुंडाळायची रीत मात्र पुष्कळ नंतरची, एदो काळातली.

17 जानेवारी 1995, पहाटे 5:46. भूकंप. गॅस नाही, पाणी नाही. सहा हजारांवर माणसं गेली. शाळेच्या हॉलमधे स्वयंसेवकांनी ओनिगिरी वाटल्या, गार नि कडक. आम्हा दोघांत एक आली. मी आजींना शोधत होते. त्या तिथे नव्हत्या.

जपानात आता 17 जानेवारीला ओमुसुबीचा दिवस मानतात. ओमुसुबी म्हणजे ओनिगिरीच. त्या दिवशी मी इथे इंद्रायणीच्या करते, आत लोणच्याची फोड घालून. नातू म्हणतो, "आजी, तुझी मूद वाकडी झाली."