सर्कल ऑफ मॅजाय
‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेतील थेडास या कल्पित खंडावर जादूगारांना बंदिस्त ठेवणारी व्यवस्था. कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या २००९ मधील पहिल्या गेममध्ये ती आढळते. टेव्हिंटर साम्राज्याच्या जादूगार-सत्ताधीशांच्या जुलमाची आठवण आणि स्वप्नावाटे पिशाच्च जादूगाराच्या अंगात शिरण्याची भीती, ही तिची कारणे. दुसरे अधिक वजनदार, कारण कथेत तसे खरोखरच घडते. जादूची लक्षणे दिसताच मुलाला घरातून नेले जाते (पहा : चँट्री). त्याचे रक्त कुपीत जपून ठेवतात. पळून गेल्यास त्यावरून माग काढला जातो (पहा : टेम्प्लर). पिशाच्चाशी सामना करण्याच्या परीक्षेस नालायक ठरलेल्यांची जादू आणि भावना विधीद्वारे तोडतात. २०११ मधील दुसऱ्या गेममध्ये कर्कवॉल शहरातील स्फोटानंतर जादूगारांचे बंड पेटते.