काळी एकचा खरज आणि बेसची पाचवी तार

मराठी गायकाला पट्टी विचारली की तो पेटीवरून सांगतो: काळी एक, काळी दोन. पुरुषांचे गाणे बहुधा याच भागात बसते. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने जो प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार पेटीच्या हिशेबात पांढरी तीनला, सेकंदाला सुमारे 41 कंपनांवर लागते. म्हणजे काळी एक आणि काळी दोन या दोन्हींचा तळातला सा त्या तारेच्याही खाली राहतो. पाच तारांच्या बेसची जाड तार पांढरी सातला, जवळजवळ 31 कंपनांवर लागते. तिच्या दुसऱ्या पडद्यावर काळी एक सापडते, चौथ्यावर काळी दोन. ही तार आपल्यासाठी घडवलेली नाही, पण आपल्या गळ्याला ती मूळच्या चार तारांपेक्षा अधिक जवळची आहे, असे माझे म्हणणे आहे.

ती आली वेगळ्याच गरजेतून. फेंडरने 1965 मध्ये पाच तारांचा बेस काढला खरा, पण त्यातली जादा तार वरच्या सुरांची होती. खर्जाची पाचवी तार 1970 च्या दशकाच्या मध्यावर जिमी जॉन्सन या अमेरिकन वादकाने अलेम्बिक कंपनीच्या बेसवर वापरात आणली. पुढच्या दशकात सिंथेसायझर सहज त्या तळाला जाऊ लागला, तेव्हा तारवाल्यांनाही मागे राहून चालेना. मुंबईत तोवर बेस गिटार चित्रपटसंगीतात रुळली होती. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ हे त्यातले मोठे नाव. आज मुंबईची मोहिनी डे पाच तारांच्या बेसवर जगभर वाजवते. खेड्यांना मात्र बेस आधी रेडिओ आणि कॅसेटमधून कळला, आणि त्या छोट्या स्पीकरमधून 41 कंपने कुठली निघणार? वरचे स्वरांश ऐकून कान खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो, म्हणून तो ऐकू आला.

नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या महागावच्या परिसरात कान घडतात ते तांड्यावरच्या नंगारा-थाळीवर, गोंधळाच्या संबळावर, भजनी मृदंगावर आणि भीमगीतांवर. इथला खालचा आवाज पूर्वापार चामड्याचा. मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापला की ते तोंड जड होऊन घुमते. यावर कोणी म्हणेल, मग बेस हवाच कशाला? पण तो घुमार गाण्यासोबत स्वरामागून स्वर उतरत नाही. तुणतुणे आणि एकतारीला तार आहे, पण त्यांचे काम एकच सूर धरून ठेवणे. खालून चालत जाणारी सुरावट हे बेसचे नवे देणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काळी एकच्या तंबोऱ्याचा खरजही 69 कंपनांवरच असतो, आणि तो सा चार तारांच्या बेसवर सहज मिळतो. मान्य. पण तंबोरा तिथेच थांबून असतो, बेसला उतरायचे असते. सा वरून नि, ध, प असा खाली गेलेला वादक चार तारांवर पुढे अडतो आणि सा गाठायला त्याला उलट वर उडी घ्यावी लागते. उतार जिथे संपायला हवा तिथे न संपता गाणे लटकते. पाचव्या तारेवर तो उतार 35 कंपनांच्या आसपास, खऱ्या सा वर येऊन टेकतो. काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईच्या साथीला ही अडचण नाही. तिचा तळातला सा चार तारांतही मिळतो, हेही सांगितले पाहिजे.

उरला प्रश्न कीबोर्डचा. डाव्या हाताने तोही हा सूर काढतो आणि वेगळ्या वादकाचा खर्च वाचवतो. साध्या कार्यक्रमाला ते पुरेसे आहे. पण कीबोर्डच्या पट्टीवर बोट दाबले की सूर तयारच बाहेर येतो. तार बोटाखाली घसरते, प वरून म वर येताना मधली वाट ऐकवते, आणि गायकाच्या मींडेला खालून तसेच उत्तर मिळते. ही तार तीन मिलिमीटरहून जाड, तिला काबूत ठेवायला मनगट लागते. शेजारची तार वाजली तरी ती आपोआप घुमू लागते, म्हणून वादक एरवी उजवा अंगठा तिच्यावर टेकवूनच ठेवतो. गायक उतरत सा कडे आला की तो अंगठा उचलला जातो.