डॅशकॅम : निवड आणि जोडणी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डहाणू तालुक्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, ब्रेक लावल्यावर तो ८९ वर आला, असे मोटारीतील नोंदींच्या आधारे निर्मात्या कंपनीने पोलिसांना कळविले. सामान्य मोटारमालकाच्या हाती अशी नोंद सहसा लागत नाही. त्याची भिस्त डॅशकॅमवरच.

तलासरीपर्यंतच्या उन्हात तापलेल्या काचेमागे बॅटरीपेक्षा कपॅसिटरवर चालणारा कॅमेरा अधिक टिकतो. रात्रीच्या चित्रणात पुढच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येते का, हे पाहूनच खरेदी करावी; मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये. कॅमेरा आरशामागे, चालकाला रस्ता दिसण्यात अडथळा येणार नाही असा बसवावा. वायर एअरबॅगच्या आड येऊ देऊ नये. उभ्या मोटारीतही चित्रण हवे असल्यास फ्यूजबॉक्समधून जोडणी घ्यावी, मात्र बॅटरी उतरू लागताच वीज तोडणारे किट हवेच.

अपघातानंतर मेमरी कार्ड त्वरित काढून ठेवावे, अन्यथा नवे चित्रण जुन्यावर चढते. न्यायालयात ते पुरावा म्हणून सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.