पैसा आणि शिक्का : कॅलिफोर्नियातील शाळांचे दोन लढे

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून तिने नाव घेतले, तो पक्ष १९६६ साली कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरात जन्मला. त्याच्या दहा कलमी कार्यक्रमात शिक्षणाची मागणी होती. त्याच राज्यात, त्याच काळात शाळेच्या प्रश्नावर दोन न्यायालयीन लढे झाले. एक लढा शाळेच्या पैशाचा होता, दुसरा मुलाच्या कपाळावर मारलेल्या शिक्क्याचा. हे दोन्ही लढे एकत्र वाचल्याशिवाय शिक्षणातील समतेचा प्रश्न कळत नाही.

पहिला लढा 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट'. तेथील सार्वजनिक शाळांचा खर्च मुख्यतः स्थानिक घरजमिनीवरील करातून चाले. १९६८-६९ साली बाल्डविन पार्क या गरीब वस्तीत दर मुलामागे करपात्र मालमत्ता ३,७०६ डॉलरची होती. बेव्हर्ली हिल्स या धनिकांच्या वस्तीत ५०,८८५ डॉलरची. बाल्डविन पार्कचे लोक शंभर डॉलरमागे ५.४८ डॉलर कर भरत. बेव्हर्ली हिल्सचे २.३८ डॉलर. तरीही गरिबांच्या मुलावर वर्षाला ५७७ डॉलर खर्च होई आणि श्रीमंताच्या मुलावर १,२३१ डॉलर. म्हणजे दुपटीहून अधिक दराने कर भरायचा आणि निम्म्याहून कमी शिक्षण पदरात घ्यायचे! १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रीत समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली.

१९७३ साली टेक्सासच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, शिक्षण हा अमेरिकेच्या संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७६ साली आपल्या राज्याच्या संविधानाचा आधार घेतला आणि आपला निर्णय कायम ठेवला. विधिमंडळाने १९७२ आणि १९७७ साली कायदे करून दरी कमी करण्याचा प्रयत्न केला. पण १९७८ साली मतदारांनी मालमत्ता करावरच मर्यादा घातली आणि शाळांच्या स्थानिक उत्पन्नाला कात्री लागली. वाटणीचा न्याय मिळू लागला, तोच वाटायच्या तिजोरीला गळती लागली.

दुसरा लढा 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स', १९७१ साली सुरू झालेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत काळी मुले २८.५ टक्के होती; 'शिकण्याजोगे मतिमंद' म्हणून वेगळ्या काढलेल्या वर्गांत मात्र ६६ टक्के. बुद्धिमापन चाचणीत ७५ च्या आत गुण आले की मूल या वर्गात जाई. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी फिर्यादी मुलांना आपलेपणाने जवळ घेऊन त्याच चाचण्या पुन्हा दिल्या, तेव्हा त्यांचे गुण ७५ च्या बरेच वर गेले. मग मंद कोण होते? मुले, की मापणारी व्यवस्था? १९७९ साली न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी काळ्या मुलांना अशा वर्गात घालण्यासाठी या चाचण्या वापरण्यास मनाई केली. १९८४ साली वरिष्ठ न्यायालयाने या निर्णयाचा गाभा कायम ठेवला.

ज्यांच्या नावाने हा खटला चालला, ते राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स स्वतः काळे होते आणि निवडून आलेले होते. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे खुर्चीची रीत बदलतेच असे नाही, हे आपल्यालाही नीट ठाऊक आहे.

दोष विशेष शिक्षणाचा नव्हता. अपंग मुलांना शाळेत हक्काची जागा मिळावी म्हणून पालक लढले आणि १९७५ साली अमेरिकेत तसा देशव्यापी कायदा झाला. दोष होता तो हक्काच्या नावाखाली बहिष्कार चालविण्यात. १९९७ साली कॅलिफोर्नियाने विशेष शिक्षणाचे अनुदान शिक्का मारलेल्या मुलांच्या संख्येवरून काढून एकूण पटावरील उपस्थितीशी जोडले, म्हणजे शिक्के वाढवून पैसा वाढणार नाही. पण जेथे खरोखरच अधिक मुलांना आधार लागतो, तेथे हीच रीत तोकडी पडते. २०१३ च्या कायद्याने गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि पालकांविना वाढणाऱ्या मुलांमागे जादा अनुदान दिले. विशेष शिक्षणाचा पैसा मात्र त्या सूत्राबाहेरच राहिला.

पैशाचा प्रश्न आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सेरानोच्या ४४ वर्षे आधी विचारला होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की, सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

म्हणून अंदाजपत्रक हाती घेणाऱ्या कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने दोन प्रश्न एकाच वेळी विचारले पाहिजेत. आमच्या मुलामागे किती पैसा येतो? आणि त्याला 'ढ' ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा प्रश्न सोडून दिला, तर समान अनुदानाच्या शाळेतही आमचे मूल वेगळ्याच खोलीत बसलेले असेल.