मध्ययुगीन साहसकथा आणि मुलांवरील संस्कार

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, असा प्रश्न पालक आम्हांला विचारतात. किल्ले, तलवारी, घोडेस्वार आणि राक्षस यांच्या गोष्टी मुलांना मनापासून आवडतात. चित्रपटांतून आणि संगणकावरील खेळांतून त्या घराघरांत पोहोचल्याही आहेत. मात्र या गोष्टी मुळात कोठून आल्या, त्यांच्यामागे कोणती श्रद्धा होती आणि मुलांनी त्यांतून काय घ्यावे, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून युरोपातील मध्ययुगीन साहसकथांची थोडक्यात ओळख करून देऊन त्यांतील दोन कथा आम्ही वाचकांपुढे सविस्तर मांडत आहोत.

कथांचा उगम

या कथा प्रामुख्याने अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान रचल्या गेल्या. इ. स. १२०० च्या सुमारास झाँ बोदेल या फ्रेंच कवीने त्यांचे तीन विषय सांगितले आहेत: फ्रान्सचा सम्राट शार्लमेन व त्याचे वीर, ब्रिटनचा राजा आर्थर व त्याचे सरदार आणि प्राचीन रोमच्या कथा. छपाईची कला युरोपात येण्यापूर्वी गायक या कथा राजवाड्यांत व लोकांच्या मेळाव्यांत गाऊन किंवा वाचून दाखवीत. त्या खास मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. सर थॉमस मॅलरी यांनी आर्थर राजाच्या कथा इंग्रजी गद्यात एकत्र केल्या आणि विल्यम कॅक्स्टन यांनी तो ग्रंथ १४८५ साली छापला. पुढे सिडनी लॅनिअर यांनी १८८० साली व हॉवर्ड पाइल यांनी १९०३ साली त्या मुलांसाठी नव्याने सादर केल्या, तेव्हापासून त्या बालवाङ्मयात रुळल्या.

या कथांचा नायक बहुधा ‘नाइट’ असतो. नाइट म्हणजे शपथेने बांधलेला घोडेस्वार सरदार. दिलेला शब्द पाळणे, दुर्बलांचे रक्षण करणे, स्वामीशी व मित्राशी एकनिष्ठ राहणे आणि देवाचे भय बाळगणे, ही त्याची कर्तव्ये मानली जात. प्रत्यक्षातील सरदार नेहमीच तसे वागत नसत, हे इतिहास सांगतो. किंबहुना म्हणूनच हा आदर्श त्यांच्यापुढे पुन:पुन्हा ठेवावा लागला.

रोलाँ आणि ऑलिव्हिए

पहिली कथा ‘रोलाँचे गीत’ या फ्रेंच महाकाव्यातील आहे. सुमारे चार हजार ओळींचे हे काव्य इ. स. ११०० च्या आसपास रचले गेले. त्याचे सर्वांत जुने हस्तलिखित ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात आहे.

शार्लमेनचे सैन्य स्पेनहून परतत असते. पिरेनीज पर्वतातील खिंडीत सैन्याच्या पिछाडीचे रक्षण करण्याची जबाबदारी रोलाँवर येते. त्याचा सावत्र पिता गानलाँ हा शत्रूला फितूर झालेला असतो. प्रचंड सैन्य चालून येताना पाहून रोलाँचा जिवलग मित्र ऑलिव्हिए त्याला विनवतो, की हस्तिदंती शिंग फुंक, म्हणजे सम्राट मदतीला परत येईल. रोलाँ नकार देतो, कारण मदत मागणे त्याला कमीपणाचे वाटते. ऑलिव्हिए पुन:पुन्हा विनवतो, तरी रोलाँ ऐकत नाही. लढाईत जवळजवळ सर्व साथी पडतात. आता रोलाँला शिंग फुंकावेसे वाटते, पण ऑलिव्हिए त्याला स्पष्ट सुनावतो, की विवेकावाचून केलेले शौर्य अविचार ठरते आणि त्याची किंमत इतरांनी प्राणांनी मोजली आहे. आर्चबिशप तुर्पँ दोघांत समेट घडवतात. रोलाँ इतक्या जोराने शिंग फुंकतो की त्याच्या कानशिलाच्या शिरा फुटतात. परंतु फार उशीर झालेला असतो.

अखेरीस जखमी ऑलिव्हिएच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. समोर कोण आहे हे न ओळखता तो रोलाँच्याच शिरस्त्राणावर तलवारीचा वार करतो. रोलाँ न रागावता हळुवारपणे विचारतो, की हा वार तू जाणूनबुजून केलास का? मित्राचा आवाज ओळखताच ऑलिव्हिए क्षमा मागतो आणि रोलाँ तत्काळ क्षमा करतो. एकमेकांपुढे मस्तक लववून ते एकमेकांचा निरोप घेतात.

खरा मित्र आपली चूक तोंडावर सांगतो, मदत मागण्यात कमीपणा नसतो आणि क्षमेला विलंब लावू नये, हे तीन धडे या प्रसंगातून मुलांच्या मनावर सहज ठसतात.

सर गॅवेन आणि हिरवा सरदार

दुसरी कथा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लिहिली गेली. कवीचे नाव अज्ञात आहे. २५३० ओळींच्या या काव्याचे एकच हस्तलिखित उपलब्ध असून ते लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. १८३९ साली ते प्रथम छापले गेले. कॅथलिक लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी ई. व्ही. गॉर्डन यांच्यासह १९२५ साली या काव्याची संपादित आवृत्ती काढली.

नाताळचा उत्सव चालू असताना, नववर्षाच्या दिवशी, आर्थर राजाच्या दरबारात हिरव्या अंगाचा, हिरव्या घोड्यावर बसलेला एक भीमकाय सरदार येतो. कोणीही आपल्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घालावा आणि एक वर्ष व एक दिवसानंतर आपला घाव सोसावा, असे आव्हान तो देतो. राजावर संकट नको म्हणून सर गॅवेन पुढे होतो आणि त्याचे मस्तक उडवतो. परंतु तो सरदार स्वत:चे मस्तक उचलतो, गॅवेनला ‘हिरव्या चॅपेल’पाशी येण्यास बजावतो आणि निघून जातो.

पुढच्या वर्षी सकल संतांच्या सणानंतर गॅवेन प्रवासाला निघतो. त्याच्या ढालीच्या आतल्या बाजूला पवित्र मरियेचे चित्र असते. कडाक्याच्या थंडीत, नाताळच्या पूर्वसंध्येला, मिस्सा ऐकण्यासाठी आसरा मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो आणि क्रुसाची खूण करतो. तोच समोर एक किल्ला दिसतो. तेथील यजमान त्याच्याशी करार करतो, की तीन दिवस दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचे. यजमानाची पत्नी गॅवेनची परीक्षा पाहते, पण तो आपले शील राखतो. मात्र तिसऱ्या दिवशी ती त्याला प्राणरक्षण करणारा हिरवा कमरपट्टा देऊ करते आणि मृत्यूच्या भीतीने तो तो पट्टा स्वीकारून यजमानापासून लपवतो.

हिरव्या चॅपेलपाशी सरदार तीनदा कुऱ्हाड उगारतो. दोनदा तो घाव आवरतो. तिसऱ्यांदा मानेवर केवळ एक ओरखडा उमटतो. हा सरदार म्हणजे तोच यजमान असतो. ती जखम लपवलेल्या पट्ट्याबद्दल असते. गॅवेन लज्जित होऊन आपला दोष कबूल करतो. तुझा दोष जीवावरच्या प्रेमापोटी घडला आणि तो कबूल केल्याने तू आता निर्दोष आहेस, असे सांगून सरदार त्याला सन्मानाने परत पाठवतो.

गॅवेन दरबारात परततो. आपली चूक लपवण्याऐवजी तो सर्वांसमोर सांगतो आणि तो पट्टा दोषाची खूण म्हणून अंगावर बाळगतो. दरबारी हसतात. त्या हसण्याचे अर्थ अभ्यासकांनी निरनिराळे लावले आहेत. पण त्यानंतर ते जे करतात ते मुलांना आवर्जून सांगावे असे आम्हांस वाटते: गॅवेनच्या प्रेमाखातर ते सर्वच जण तसा हिरवा पट्टा धारण करण्याचे ठरवतात. ज्या खुणेची त्याला लाज वाटत होती, ती त्याचे साथी स्वत:च्या अंगावर घेतात. परस्परांचा भार वाहण्याविषयी संत पौलाने गलतीकरांस (६:२) जी शिकवण दिली, तिचे याहून सुबोध चित्र मुलांसाठी आम्हांला आढळलेले नाही. प्रथम पापनिवेदनाची तयारी करणाऱ्या मुलांना ही कथा विशेष उपयोगी पडेल.

संत आणि शौर्यकथा

या कथांचा प्रभाव संतांच्या जीवनातही दिसतो. एकांतात प्रार्थना करणाऱ्या आपल्या बंधूंना असिसीचे संत फ्रान्सिस ‘गोलमेजाचे सरदार’ म्हणत, अशी नोंद फ्रान्सिस्कन परंपरेत आहे. संत इग्नेशियस लोयोला १५२१ साली पाम्प्लोना येथे जखमी झाले, तेव्हा त्यांनी वाचायला शौर्यकथाच मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून त्यांना ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली आणि त्यांचे जीवन पालटले. याउलट, अविलाच्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात कबूल केले आहे, की लहानपणी वडिलांच्या नकळत अशी पुस्तके वाचण्यात त्यांचा बराच वेळ गेला आणि त्यामुळे त्यांची हानी झाली. दोन्ही अनुभव पालकांनी ध्यानी घ्यावेत.

सावधगिरी

‘रोलाँच्या गीता’त मुस्लिमांना सरसकट दुष्ट रंगवले आहे, शिवाय ते मूर्तिपूजक असल्याचे म्हटले आहे, हे असत्य आहे. ऐतिहासिक लढाई ७७८ साली झाली, आणि शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड याच्या मते हल्लेखोर बास्क लोक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या घोषणापत्रात, भूतकाळातील वैर विसरून मुस्लिम बांधवांशी परस्पर सामंजस्य साधण्याचे आवाहन केले. ज्यांच्या शेजारी आपण राहतो आणि ज्यांची मुले आपल्या मुलांसोबत शिकतात, त्यांच्याविषयी कथेच्या निमित्ताने द्वेष पेरला जाऊ नये. कथा सांगताना ही दुरुस्ती अवश्य करावी. तसेच ‘आमिस आणि आमिलून’ या मैत्रीकथेत मित्राचा कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून स्वत:च्या मुलांचा बळी देण्याचा प्रसंग आहे. शेवटी मुले जिवंत होतात, तरी ही कथा बालकांना सांगू नये. गॅवेनच्या कथेतील मोहाचा प्रसंगही वयानुसार आटोपता घ्यावा.

पालकांना विनंती

मराठी ख्रिस्ती माणसाला कथेचे सामर्थ्य नवे नाही. जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचण्यासाठी काही हवे, ही गरज ओळखून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. तीच गरज आजच्या मुलांनाही आहे.

रात्रीच्या रोझरीनंतर आठवड्यातून एकदा तरी मुलांना जवळ घेऊन एक कथा सांगावी. कथा संपल्यावर बोध सांगण्याची घाई करू नये. रोलाँने शिंग का फुंकले नाही, गॅवेनने पट्टा का लपवला, तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस, असे विचारावे आणि मूल काय म्हणते ते शांतपणे ऐकावे. आईवडिलांनी स्वत:ची एखादी चूक त्या वेळी सांगितली, तर मुलालाही आपली चूक सांगण्याचे धैर्य येईल. आपल्या चुकीनंतरही आपले घर आपल्या बाजूला उभे राहते, हा विश्वास घेऊन ते पापनिवेदनास जाईल, तेव्हा क्षमाशील पित्याची ओळख त्याला अधिक सहजपणे पटेल.